मुलगा अठराचा, मित्र सतराचे: पार्टीतली बिअर कुणाच्या अंगावर येते?

प्रश्न: माझ्या मुलाला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतील. बारावीचे पंधरा-सोळा मित्रमैत्रिणी बोलावून दिरांच्या फार्महाऊसवर पार्टी करायची असा त्याचा हट्ट आहे. मित्रांपैकी बहुतेक जण अजून सतराचेच आहेत. मिस्टर म्हणतात, “बाहेर चोरून पिण्यापेक्षा आपल्या देखत एकेक बिअर घेऊ दे.” बिअर चोवीस वर्षांचा पुतण्या आणणार, पैसे आम्ही द्यायचे. सगळ्या पालकांची लेखी संमती घेतली की आपल्यावर काही येत नाही, असं ओळखीच्या एकांनी सांगितलं. त्यातली एक-दोन मुलं ‘माल’ ओढतात असंही कानावर आलंय. काही झालंच तर कायद्याने कोण अडकेल? – एक आई

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी उत्तर, मग कारणं. पार्टी जरूर करा, पण बिअर यादीतून काढा. तुम्ही लिहिलंय तसंच सगळं झालं तर तुम्ही, तुमचे मिस्टर, पुतण्या आणि त्या दिवशी सज्ञान झालेला तुमचा मुलगा असे चौघंही आरोपी होऊ शकता. ‘काही झालंच तर’ असं तुम्ही विचारलंय, पण गुन्ह्यासाठी काही व्हावंच लागत नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात बाटली दिली की गुन्हा पूर्ण झाला. मग कुणी ओकलं नाही, पडलं नाही आणि सगळे साडेदहाला सुखरूप घरी पोचले, तरी त्यात फरक पडत नाही.

हे सांगणारं कलम म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मधलं कलम ७७. अठरा पूर्ण न झालेल्या कुणालाही मद्य, अंमली पदार्थ, मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ किंवा तंबाखूजन्य वस्तू जो कुणी देईल किंवा द्यायला लावेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. अपवाद एकच, पात्र डॉक्टरचा आदेश. आई-वडिलांना सूट नाही, घराच्या चार भिंतींना नाही, सणावारालाही नाही. बिअर आणि व्हिस्की असा भेद या कलमात नाही. ‘एकच ग्लास’ असं मापही नाही.

‘देईल किंवा द्यायला लावेल’ हे शब्द नीट पाहा. पुतण्याने बाटल्या आणल्या आणि वाटल्या, म्हणजे त्याने दिल्या. पैसे तुमच्या मिस्टरांच्या मोबाइलवरून गेले आणि “दोन खोकी घेऊन ये” हा निरोपही त्याच मोबाइलवर आहे, म्हणजे त्यांनी द्यायला लावल्या. तुमचा मुलगा वाढदिवसाच्या दिवशी उजाडल्यापासून कायद्याने सज्ञान असतो. त्याने वर्गमित्राला बाटली उघडून दिली, तर एक दिवसाचा सज्ञान हा सतरा वर्षांच्या मुलाला दारू देणारा प्रौढ ठरतो. बहुतेक पालकांच्या डोक्यात हा मुद्दा येतच नाही. अठरा पूर्ण झाले म्हणजे मुलाला मोकळीक मिळाली, एवढंच त्यांना दिसतं. कायद्याच्या नजरेत त्या दिवशी तो फक्त संरक्षणाच्या यादीतून जबाबदारीच्या यादीत जातो.

कलमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द नाही. त्यामुळे “मला तो अठराचा वाटला” ही सबब फार लंगडी आहे, आणि बारावीच्या वर्गाबद्दल तर ती कुणी ऐकूनही घेणार नाही. वयाचा वाद निघाला तर या कायद्यात आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहतात. तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. दाढी-मिशी आणि उंची पाहून कुणी वय ठरवत नाही.

आता ‘आपल्या देखत’ या युक्तिवादाकडे येऊ. घराघरांत तो प्रामाणिकपणे मांडला जातो आणि त्यामागची काळजी खरी असते. पण खटल्यात तो नेमका उलटा फिरतो. पालक हजर नव्हते, त्यांना पत्ता नव्हता, मुलांनी परस्पर आणली, असं असेल तर वकिलाला बोलायला निदान जागा असते. तुम्ही तिथे उभं राहून ग्लास मोजत होतात, म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं हे तुम्हीच सिद्ध करून दिलंत. शिवाय ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच जाणीवपूर्वक हेळसांड केली किंवा मुलाला अनावश्यक शारीरिक-मानसिक त्रास होईल अशा स्थितीत टाकलं, तर याच कायद्याचं कलम ७५ लागतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या रात्री पंधरा मुलं तुमच्याच ताब्यात असणार आहेत.

पालकांच्या लेखी संमतीचंही तेच. गुन्ह्याला संमतीपत्राने परवानगी मिळत नाही. ज्या मुलाला कायदा संरक्षण देतो, त्याच्या वतीने ते संरक्षण सोडून द्यायचा अधिकार आई-वडिलांनाही नाही. उलट सह्या केलेला कागद म्हणजे तुम्ही बेत आधीच आखला होता याचा लेखी पुरावा, आणि सह्या करणाऱ्या प्रत्येक पालकावर गुन्ह्याला मदत केल्याचा ठपका येऊ शकतो तो वेगळाच. असा कागद करूच नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळ्यांची हरकत नाही ना?’ असं विचारून अंगठे गोळा करणंही त्यातच येतं.

पुतण्याला सवड नाही म्हणून सतराच्या एखाद्या मित्रालाच दुकानातून खोकं उचलायला पाठवलं, तर प्रकरण कलम ७८ खाली जातं. मद्य किंवा अंमली पदार्थ विकण्यासाठी, वाहून नेण्यासाठी, पुरवण्यासाठी मुलाचा वापर करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा तेवढीच, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एका पार्टीत दोन्ही कलमं सहज लागू शकतात.

अठराच्या पुढे काय, हेही सांगायला हवं, कारण इथे बराच घोळ होतो. बाल न्याय कायदा अठराला थांबतो, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मात्र थांबत नाही. या राज्यात दारू विकत घेणं, जवळ बाळगणं आणि पिणं हे सगळं परवान्यावर चालतं. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक मद्यासाठी २५. म्हणजे तुमचा मुलगा अठराचा झाला तरी त्याला बिअर कायदेशीर नाहीच, आणि चोवीस वर्षांच्या पुतण्याला व्हिस्की-रमचा परवाना अजून मिळत नाही. फार्महाऊस किंवा हॉलवर समारंभात मद्य द्यायचं असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना वेगळा लागतो. तो मिळाला तरी अल्पवयीनांना देण्याची मुभा त्यात नसते.

“मग निदान सिगारेट, हुक्का?” असं मुलं विचारतील. कलम ७७ मध्ये तंबाखूही आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात अल्पवयीनाला सिगारेट विकण्याचा दंड आहे दोनशे रुपये, आणि त्या हास्यास्पद आकड्यामुळे सगळ्यांना हा मामला किरकोळ वाटतो. तीच सिगारेट बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत नेऊ शकते. व्हेप म्हणजे ई-सिगारेट तर २०१९ पासून देशभर बंदच आहे. तिच्या विक्रीला पहिल्या गुन्ह्यातच एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठा करणंही गुन्हा.

जाता जाता एक, पार्टीशी संबंध नसलेली पण घरोघरी घडणारी गोष्ट. परीक्षेच्या ताणाने मुलाला झोप येत नाही म्हणून आपल्याला लिहून दिलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी त्याला देणारे पालक आहेत. ती गोळी मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे आणि डॉक्टरने ती तुमच्या मुलासाठी लिहिलेली नाही. बाकी तुम्हीच ओळखा.

आता ‘माल’. तुमच्या पत्रातली सर्वांत धोक्याची ओळ हीच आहे, आणि ती तुम्ही शेवटी लिहिलीत. इथे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा येतो आणि शिक्षा वजनावर ठरते. गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत आणि व्यावसायिक मात्रा वीस किलोपासून. चरस १०० ग्रॅम आणि एक किलो. मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’ २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. एमडीएमए अवघा अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिक मात्रेला किमान दहा, कमाल वीस वर्षं, आणि तिथे जामीन मिळणंही महाकठीण. ‘अल्प’ म्हणजे चालतं असं नव्हे, ते फक्त शिक्षेचं मोजमाप आहे. पावडरीत भेसळ असेल तर शुद्ध पदार्थ वेगळा काढून मोजत नाहीत, अख्ख्या मिश्रणाचं वजन धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्यामुळे ‘एमडी’ची एखादी पुडीही पाहता पाहता मधल्या मात्रेत जाते.

तुमच्यासाठी त्यातलं कलम २५ महत्त्वाचं. घर, खोली, आवार किंवा वाहन ज्याच्या मालकीचं किंवा ताब्यात आहे, त्याने ते या गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिलं, तर मूळ गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्यालाही. इथे ‘जाणूनबुजून’ शब्द आहे, आणि दिरांना खरोखर काही माहीत नसेल तर तोच त्यांचा बचाव. तुमच्या मात्र कानावर आधीच आलंय. या कायद्याचं कलम ३५ आरोपीची मानसिकता दोषी असल्याचं गृहीत धरतं, आणि ती तशी नव्हती हे निःसंशय सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर टाकतं. शिवाय गुन्ह्याची झळ अल्पवयीनांना बसली असेल, तर किमान शिक्षेहून अधिक देताना न्यायालयाने विचारात घ्यायच्या बाबींत कलम ३२ब ने ते नमूद केलंय.

म्हणून पार्टीच्या आधीच त्या दोन मुलांच्या आई-वडिलांशी बोला. फोनवर नको, भेटून. आणि मुलाकडून त्यांना स्पष्ट निरोप जाऊ द्या, की आवारात काही आणलं तर फाटकातूनच परत, घरी फोन.

तरीही कुणाच्या बॅगेत पुडी सापडली, तर ती काढून घेऊन कपाटात किंवा गाडीच्या डिकीत ‘सकाळी बघू’ म्हणून ठेवू नका. ज्या क्षणी तुम्ही ती ठेवलीत, त्या क्षणी ताबा तुमचा. हा घोटाळा चांगल्या हेतूच्या लोकांकडूनच होतो. पार्टी तिथेच थांबवा, त्याच्या पालकांना ताबडतोब बोलवा, वकिलाला फोन करा आणि पोलिसांना कळवा. ११२ आहेच, अंमली पदार्थांसाठी १९३३ ही केंद्राची हेल्पलाइनही आहे.

मुलांचं काय होतं, ही तुमची पुढची काळजी असेल. दारू प्यायलेल्या किंवा दारू सापडलेल्या मुलाकडे बाल न्याय कायदा पीडित म्हणूनच पाहतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ती वस्तू त्याच्यापर्यंत कशी आली याचा तपास पोलिसांनी करायचा असतो, म्हणजे बोट पुन्हा प्रौढांकडेच वळतं. मुलाच्या हातून फार गंभीर नसलेला गुन्हा घडला, तर एफआयआर न नोंदवता स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल एवढंच व्हावं, असं नियम सांगतो. पण गुन्हा प्रौढांसोबत मिळून केला असेल तर ही सवलत जाते आणि मुलावरही एफआयआर होतो. चोवीस वर्षांचा पुतण्या त्या कोंडाळ्यात बसला, तर धाकट्यांचंही नुकसान करतो ते असं.

कुणाला खरोखरच व्यसन लागलं असेल तर एनडीपीएसचं कलम ६४अ लक्षात ठेवा. स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या आणि ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवन किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मुलांसाठी १०९८.

“पोलिस लगेच अटक करतील का?” याचं उत्तर थोडं किचकट आहे. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून बाल न्याय कायद्यातले तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र पण अजामीनपात्र झाले. कलम ७७ त्यातच येतं. म्हणजे फक्त हे एकच कलम असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हे ऐकून निर्धास्त होऊ नका. सोबत एक जरी दखलपात्र गुन्हा जोडला गेला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार सगळं प्रकरणच दखलपात्र होतं. गांजाची पुडी सापडली की झालं. अपघातात कुणी गेलं की झालं. आणि अजामीनपात्र असल्याने जामीन हा हक्क उरत नाही, तो न्यायालयाच्या विवेकावर जातो.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव गेला, तेव्हा मुलाच्या वडिलांवर आणि दारू देणाऱ्या ठिकाणांशी संबंधित लोकांवर याच ७५ आणि ७७ कलमांखाली गुन्हे नोंदले गेले. अपघाताच्या वेळी ते कुणीच गाडीत नव्हते.

गाड्यांचा प्रश्न म्हणूनच वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. गाडी पालकांच्या संमतीनेच नेली असं न्यायालय गृहीत धरतं. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ किंवा ‘आम्ही पुरेशी खबरदारी घेतली होती’ हे सिद्ध करायचं काम पालकांचं. सोळा ते अठरा वयात लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीच्या आतल्या, गिअर नसलेल्या दुचाकीचं. मुलं चालवतात त्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या. तुमच्या मुलाने “जा रे, बर्फ घेऊन ये” म्हणून आपली स्कूटर सतराच्या मित्राला दिली, तर आरसी बुकावर ज्याचं नाव तो अडकतो. दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर विमा कंपनी आधी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, कारण लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणं हा पॉलिसीच्या अटींचा भंग. आलेल्या मुलांच्या परतीची सोय पालकांनीच करावी, दुचाकी आणूच नये, हे आमंत्रणातच लिहा.

दारूने कुणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद. सरबतात गुपचूप मिसळून पाजलं तर कलम १२३ लागू शकतं, तिथे दहा वर्षांपर्यंत. आणि नंतर घाबरून बाटल्या फेकल्या, ग्रुपवरचे मेसेज उडवले, तर पुरावा नष्ट केल्याचं कलम २३८ वर चढतं.

सगळी काळजी घेऊनही कुणी कुठून तरी पिऊन आलं आणि बेशुद्धीकडे चाललं, तर कायद्याचा विचार नंतर. हाक मारून, चिमटा काढून जागं होत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, ओठ-नखं निळसर, अंग गार: यातलं एकही दिसलं तरी १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. लिंबू, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, बोटं घालून उलटी काढणं, यातलं काही नको. ‘झोपून उठेल’ म्हणून खोलीत एकटं सोडणं हीच जीव घेणारी चूक आहे, कारण पोटात शिल्लक असलेली दारू झोपेतही रक्तात उतरत राहते. डॉक्टरला खरं सांगा, काय, किती, किती वाजता. रुग्णालय पोलिसांना कळवील या भीतीने माहिती दडवली तर उपचार चुकतो, आणि उशीर का केला हा प्रश्न पुढे न्यायालयात तुम्हालाच विचारला जातो.

फार्महाऊसवर दिरांचा स्वतःचा साठा असेल तर तो आदल्या दिवशी कुलपात जायला हवा, किल्ली पुतण्याकडे नव्हे, तुमच्याकडे. पालकांना एकच मेसेज पाठवा आणि तो जपून ठेवा. मजकूर असा चालेल: “शनिवारी सहा ते दहा. मद्य, सिगारेट, व्हेप, इतर काहीही चालणार नाही. आणल्यास आम्ही लगेच तुम्हाला बोलावू. मुलांना सोडायला आणि न्यायला मोठ्यांनी यावं, दुचाकी देऊ नये. आम्ही दोघं पूर्ण वेळ तिथे आहोत.” तुमचं देखत असणं असं कामी येतं.

नोटीस किंवा फोन आलाच, तर जबाब देण्याआधी फौजदारी वकील गाठा आणि अटकपूर्व जामिनाचं विचारा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.